गॅप का पडला हे विचारता, तर उत्तरही ऐकून घ्या

आज सकाळी भाचीला घेऊन पुण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात गेले होते. तिथून परतल्यापासून कशातच लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. धाकटा भाऊ शाळेत, शेत कोरडवाहू आणि औषधांचा खर्च दर महिन्याला ठरलेला. तिने कॉलेज सोडले आणि तालुक्याच्या गावी एका मेडिकल दुकानात कामाला लागली. आता वडील काठी घेऊन का होईना चालतात, भाऊ हाताशी आला आहे, आणि तिला अर्धी राहिलेली पदवी पुरी करायची आहे. बारावीला तिला ५४ टक्के होते. पहिल्या वर्षी गणितात एटीकेटी लागली होती, म्हणजे तो विषय राहिला होता, तो तिने पुढच्याच परीक्षेत सोडवला.

खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी फाइल उघडली, बारावीच्या गुणपत्रिकेवर पेनाचे टोक टेकवले आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "मॅडम, मार्क एवढेच, त्यात तीन वर्षांचा गॅप. कशाला उगाच? मुक्तमधून करून टाका." त्यांच्या मागच्याच फलकावर विज्ञान शाखेत जागा शिल्लक असल्याची सूचना लावलेली होती. भाचीने "सर, माझे वडील..." एवढे म्हणेपर्यंत त्यांनी फाइल परत सरकवली होती आणि मागच्या मुलाला पुढे बोलावले होते.

शिकणे थांबलेल्या मुलाला आपल्याकडे एखाद्या आरोपीसारखे वागवले जाते. गॅपचे प्रतिज्ञापत्र कधी वाचले आहे का? मधल्या काळात मी अन्यत्र कुठेही प्रवेश घेतलेला नाही आणि कोणत्याही गैरप्रकारात माझा सहभाग नव्हता, असे त्या मुलाने नोटरीसमोर लिहून द्यायचे असते. जी मुलगी सकाळी वडिलांना अंघोळ घालून, दिवसभर दुकानात उभी राहून, रात्री भावाचा अभ्यास घेत होती, तिने आपण काही वाईट केले नाही हे शपथेवर सांगायचे. तिने काय केले हे लिहायला मात्र त्या कागदावर जागा नसते. भाचीच्या फाइलमध्ये प्लॅस्टिकच्या वेगळ्या पिशवीत वडिलांच्या दवाखान्याचे सगळे कागद तारखेनुसार लावून ठेवलेले होते. ती पिशवी आज कोणी उघडलीही नाही.

जागा मर्यादित असतात आणि गुणवत्ता यादीला काही अर्थ असतो, हे मान्य आहे. पण जिथे जागा रिकाम्या आहेत तिथे ५४ टक्क्यांवर पेन टेकवून नेमके काय सिद्ध करायचे असते? खासगी शिकवणी नाही, अभ्यासाला वेगळी खोली नाही, कॉलेजला जायला एसटीचा पास, आणि सुगीच्या दिवसांत शेतावर जाणे चुकत नाही, अशा घरात मिळालेले ते गुण आहेत. ते घर कधी न पाहिलेल्या माणसाने एका आकड्यावरून त्या मुलीच्या आवाक्याचा निकाल लावावा, याची मला मनापासून चीड येते.

ज्यांच्या तसबिरीला आपण दरवर्षी हार घालतो, त्या बाबासाहेबांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते. पुढे लंडनमध्ये शिकत असताना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने त्यांना दिली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डीएस्सी झाले. माझ्या भाचीची त्यांच्याशी तुलना करण्याचा प्रश्नच नाही. मला त्या परवानगीबद्दल बोलायचे आहे. परमुलुखातल्या विद्यापीठाने शंभर वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची जागा राखली, आणि आमच्या शहरातल्या खिडकीवर "सर, माझे वडील" यापुढचे वाक्य ऐकून घ्यायला कोणाला वेळ नाही.

नियम नाहीत म्हणावे तर तसेही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा आपल्याकडे एवढा गाजावाजा झाला. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, आणि पुन्हा यायचे असेल तर दार उघडे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या डिजिटल खात्यात सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. भाचीने हे सगळे वाचून ठेवले होते. आज दुपारी दुसऱ्या एका कॉलेजात तिला सांगण्यात आले की तिचे पहिले वर्ष जुन्या पॅटर्नचे असल्यामुळे तिने पहिल्यापासून सुरुवात करावी. अभ्यासक्रम बदलला आहे, हे खरे आहे. पण मग जुने कोणते विषय धरायचे आणि कोणते नव्याने करायला लावायचे, हे विद्यापीठाकडून ठरवून घेण्याची सोय कशासाठी असते? समकक्षतेचा अर्ज करता येतो एवढे सांगायलाही कोणी तयार नव्हते. तिच्या जुन्या कॉलेजची तऱ्हा आणखी वेगळी आहे. राहिलेली फी भरल्याशिवाय टीसी मिळणार नाही, असे ते म्हणतात, आणि ती ज्या वर्गात बसलीच नाही त्या सत्राचीही फी त्यात धरलेली आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. तो कागद मी छापून घेतला आहे.

"मुक्तमधून करून टाका" या वाक्याबद्दलही लिहायचे आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना, गृहिणींना, शाळा सुटलेल्यांना शिकवते आहे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका तिथून पदवीधर झाल्या आणि त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. म्हणूनच त्या विद्यापीठाचे नाव नको असलेल्या मुलांना कटवण्यासाठी घेतलेले मला सहन होत नाही. भाचीला रसायनशास्त्र शिकायचे आहे, प्रयोगशाळेत उभे राहून शिकायचे आहे. दुकानात औषधांच्या खोक्यांवरची नावे वाचता वाचता तिला पुन्हा पुस्तके उघडावीशी वाटली, हे तिने मला परतीच्या रिक्षात सांगितले. खिडकीवर ती हेच सांगणार होती की नाही, मला माहीत नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या गृहस्थांच्या टेबलावर शिष्यवृत्तीच्या अर्जांचा ढीग होता आणि शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. कित्येक ठिकाणी कॉलेजांतली कार्यालयीन पदे भरलीच जात नाहीत आणि तीन माणसांचे काम एकाच्या माथी येते, हे मला कळते. वाईट वागण्याची त्यांना हौस असेल असे मला वाटत नाही. पण त्यांच्या थकव्याची किंमत माझ्या भाचीने एका वर्षाने का मोजावी? प्रवेशाची मुदत या आठवड्यात संपते आहे.

इथल्या माझ्या मित्रयादीत प्राचार्य आहेत, विभागप्रमुख आहेत, विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) निवडून गेलेले मित्रही आहेत. तुमच्या कॉलेजात शिक्षण खंडित झालेल्या मुलांनी कोणाला भेटायचे, त्याचे नाव आणि वेळ कृपा करून दर्शनी फलकावर लावा. समकक्षतेसाठी कोणते कागद लागतात ते त्याखाली लिहा. ही मुले कार्यालयापर्यंत येतात तेव्हा घरातल्या सगळ्यांशी वाद घालून आलेली असतात. भाचीच्या आत्याचा काल रात्रीच फोन आला होता की आता शिकून काय करणार, स्थळ बघा.

उद्या सकाळी आम्ही पुन्हा जाणार आहोत. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज तयार आहे, त्याला दवाखान्याचे कागद, दोन्ही गुणपत्रिका आणि आयोगाचा तो आदेश जोडला आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय आम्ही खिडकीवरून हलणार नाही. त्यांना प्रवेश नाकारायचाच असेल, तर कोणत्या नियमाने नाकारला ते त्यांनी लिहून द्यावे.