लाल डोळ्यांचा यंत्रमानव हवाच

एआयवर बातमी करायचीय? अभिनंदन! विषय समजून घेत बसू नका, नऊच्या बुलेटिनला तेवढा वेळ नसतो.

आधी चित्र. लाल डोळ्यांचा यंत्रमानव. बातमी बँकेच्या चॅटबॉटची असली तरी तोच.

मथळ्याला प्रश्नचिन्ह लावा. 'एआय माणसाला संपवणार?' प्रश्नाला पुरावा लागत नाही.

शिळ्या बातमीला फोडणी द्या. २०१७ साली फेसबुकच्या दोन चॅटबॉटनी 'गुप्त भाषा' काढली आणि घाबरून ते बंद पाडले, हे अजून खपतं. खरं तर त्यांना पुस्तकं, टोप्या, चेंडू वाटून घेताना घासाघीस करायला शिकवत होते. नीट इंग्रजी बोलण्याला गुण ठेवले नव्हते, म्हणून ते 'टू मी टू मी' करत सुटले. संशोधकांनी नियम बदलले, संपलं. पण 'टू मी टू मी'ला टीआरपी कुठला?

त्याच वर्षी डिसेंबरात सोफिया नावाच्या यंत्रबाई, म्हणजे बाईसारखा दिसणारा, बोलणारा यंत्रमानव, पवईच्या आयआयटीत साडी नेसून आल्या. उत्तरं आधी कुणी लिहून दिली होती का, हे विचारायचं नसतं. साडीबद्दल बोला.

तज्ज्ञ बोलवा, मग कापा. परवा मलाच बोलावलं होतं. मी संगणकाला मोडी लिपीतले जुने कागद वाचायला शिकवतो. चाळीस मिनिटं बोललो. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे आमच्या यंत्राने 'राणोजी बिन तुकोजी', म्हणजे तुकोजीचा मुलगा राणोजी, हे वाचताना 'बिनतुकोजी' नावाचा नवाच गृहस्थ जन्माला घातला, हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "नोकऱ्या जातील असं सरसकट म्हणणं घाईचं आहे." दाखवलं काय? "नोकऱ्या जातील." खाली पट्टी, 'तज्ज्ञाचा इशारा', मागे ढॅण ढॅण. बिनतुकोजी गायब. साडेनऊला मावशीचा फोन: "अरे, धाकट्याला कॉम्प्युटरला घातलंय, फी भरलीय. काढू का?"

काढू का! तुमच्या दोन शब्दांसाठी त्या पोराचं वर्ष घालवायचं? लाज कशी वाटत नाही हो? कंपनीचं पत्रक आलं की सकाळी 'क्रांती', रात्री तुमचाच 'प्रलय'. उद्या यंत्राने कुणाचा कर्जाचा अर्ज फेटाळला तर दाद कुठे मागायची? निवडणुकीत पुढाऱ्याचा बनावट आवाज फिरला तर ओळखायचा कसा? हे विचारा की कधीतरी! ते तुमचं काम आहे, माझं नाही.

आणि ते चाळीस मिनिटांचं फुटेज पाठवा. अर्धा तास समजावलं, पण मावशीचं एकच: "टीव्हीवर तूच म्हणालास ना?"