हॉटलाइनला कमी लेखू नका

एका लेखात भारत-पाकिस्तानच्या सैन्यांमधल्या हॉटलाइनला, म्हणजे थेट फोनलाइनला, ‘निव्वळ औपचारिकता’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली, पुढे ती पार विस्कटली, आणि २५ फेब्रुवारी २०२१ ला ती पुन्हा पाळायचं जाहीर झालं ते दोन्हीकडच्या डीजीएमओंच्या (लष्करी मोहिमांच्या महासंचालकांच्या) हॉटलाइनवरच्या बोलण्यातूनच. मे २०२५ ची लढाईही १० मेच्या दुपारी झालेल्या त्यांच्या फोननंतरच थांबली. उरी, पूंछच्या गावांवर तोफगोळे पडायला लागले की शाळा बंद, शेतं पडीक, अख्खी रात्र बंकरमध्ये. आणि बंकर तरी सगळ्यांच्या वाट्याला कुठे येतात? राजकीय चर्चा थांबली असेल तर थांबू दे, पण निदान हा फोन रोज उचलला जायला हवा. आणि पूंछमध्ये आणखी बंकर हवेत, तेही लवकर.