आणि म्हणे दुसऱ्याला कुणी विचारत नाही!

आज डोकं फिरलंय. लिहून टाकते, म्हणजे निदान झोप तरी लागेल.

सकाळी ऑफिसात 'विजेत्यांची मानसिकता' असलं काहीतरी सेशन होतं. कोट घातलेले एक गृहस्थ, कानाला माइक, दोन तास. दुसरा आलेला म्हणजे हरणाऱ्यांतला पहिला, वगैरे नेहमीचं दळण. मी मोबाइलवर भाजीची यादी करत बसले होते. तेवढ्यात पडद्यावर लाल हेल्मेट आणि त्यावर धावणारा निळा बायसन. माझे बफेलो बिल्स, अमेरिकन फुटबॉलची टीम! पुण्यात, सोमवारी सकाळी! "ही टीम चार वर्षं सलग सुपर बाउलला, म्हणजे फायनलला, गेली आणि चारही वेळा हरली. यांचा कोच कोण, सांगा बरं कुणी? बघा, हरणाऱ्याला जग विसरतं."

मी हात वर केला. "मार्व लेव्ही." गृहस्थ म्हणाले, "व्हेरी गुड," आणि पुढची स्लाइड लावली.

एवढ्यावर थांबले असते तरी मी हसून सोडून दिलं असतं. पण मग म्हणाले, गेल्या तिमाहीत ज्यांचं टार्गेट हुकलं त्यांनी उभं राहा. सेल्समधला एक पोरगा उभा राहिला. चोवीस-पंचवीसचा असेल. कान लाल झालेले. हॉलमध्ये टाळ्या. टाळ्या कशाच्या रे?

मी १९९० च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला अमेरिकेत बफेलोला गेले. घरमालक पोलिश आजोबा. लॅकवानाच्या पोलाद कारखान्यात त्यांची हयात गेली, आणि १९८३ मध्ये तिथलं पोलाद बनवणंच बंद झालं. त्या गावाकडे उरलं काय, तर बर्फ आणि बिल्स. बिल्स तरी कसले, १९८४ आणि ८५ मध्ये सोळापैकी दोन-दोन सामने जिंकलेले! १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये, सीझन अर्धा झालेला असताना लेव्ही आले. वय ६१. आपल्याकडे या वयात माणसाला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतात. हार्वर्डमध्ये इतिहास शिकलेला माणूस, कॅन्सस सिटीने एकदा काढून टाकलेला. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत टीम फायनलमध्ये.

२७ जानेवारी १९९१. आजोबांनी मला खाली बोलावलं, मिठाच्या-मिऱ्याच्या बाटल्या मांडून चार डाउन म्हणजे काय ते समजावलं. मला निम्मं कळलं. शेवटी एवढं कळलं की न्यूयॉर्क जायंट्स २०, आपण १९, आठ सेकंद उरलेत आणि स्कॉट नॉरवुड नावाचा माणूस ४७ यार्डांवरून किक मारणार आहे. बसली तर तीन गुण आणि कप आपला. चेंडू उंच गेला, लांबही गेला, आणि उजवीकडून बाहेर गेला.

आजोबा काही बोलले नाहीत. उठले, कोट चढवला आणि बाहेर जाऊन फावड्याने ड्राइव्हवे साफ करायला लागले. बर्फ विशेष नव्हतंच. फावडं नुसतं काँक्रीटवर घासत होतं, खर्र, खर्र. रात्री उशिरापर्यंत मला वर ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, चल. सिटी हॉलसमोरच्या नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो माणसं जमलेली. हरलेल्या टीमसाठी, मंडळी! आणि गर्दी ओरडायला लागली, "वुई वॉन्ट स्कॉट! वुई वॉन्ट स्कॉट!" ज्याने किक हुकवली, त्याला हाक. तो पुढे आला, डोळे भरलेले, धड बोलता येईना. शेजारी आजोबाही ओरडत होते. रात्रभर फावडं ओढून आवाज बसलेला माणूस.

आमच्या गृहस्थांच्या स्लाइडवर हे नव्हतं.

आता लेव्हींचं ऐका. हे मला पुढे कळलं आणि तेव्हापासून मी या माणसाची भक्त आहे. बिल्सच्या आधी ते कॅनडात माँट्रियल अलुएट्सचे कोच होते. १९७५ ची ग्रे कप, म्हणजे तिकडच्या फुटबॉलची फायनल, एडमंटनकडून ९-८ अशी हरले. एका गुणाने! कशामुळे? शेवटी जवळची, सोपी म्हणावी अशी किक हुकली म्हणून. किकर डॉन स्वीट. त्याला हाकललं का? नाही. दोन वर्षांनी पुन्हा फायनल, पुन्हा एडमंटन, गोठलेलं मैदान. माँट्रियल ४१-६ ने जिंकलं आणि त्याच स्वीटने सहा फिल्ड गोल (तसल्याच किक) मारले.

आणि नॉरवुड? पुढच्या सीझनलाही तोच किकर. डेन्व्हरविरुद्धची जी मॅच जिंकून बिल्स दुसऱ्या सुपर बाउलला गेले ती १०-७ अशी सुटली, आणि त्यात नॉरवुडची ४४ यार्डांची किक होती. बरं बाबा, त्यानंतर त्याला सोडलं, तेही खरं. व्यवसाय आहे, धर्मशाळा नाही.

शिवाय पुढचे तीन सुपर बाउल काही एका गुणाने गेले नाहीत, हेही मान्य. वॉशिंग्टनविरुद्ध तर आमच्या थर्मन थॉमसचं हेल्मेटच सापडेना, पहिले दोन प्ले तो बाहेर! डॅलसने ५२-१७ असा धुव्वा उडवला. चौथ्याला मध्यंतरापर्यंत पुढे होतो, तरी ३०-१३. कोचचं काहीतरी चुकलंच असणार. त्या पहिल्या फायनलमध्येही साठपैकी चाळीस मिनिटं चेंडू जायंट्सकडेच होता. घ्या, कबूल.

पण त्या ५२-१७ च्या मॅचमध्ये काय झालं सांगते. डॅलसचा लिऑन लेट चेंडू घेऊन पळतोय, रेषेजवळ येऊन आधीच हात पसरून मिरवतोय. मॅच केव्हाच संपलेली. आणि मागून आमचा डॉन बीबी जीव खाऊन धावत येतो आणि त्याच्या हातातला चेंडू उडवतो. पस्तीस गुणांनी मागे असताना! त्याला कोणी सांगितलं होतं धावायला? असली पोरं स्लाइड दाखवून तयार होतात होय?

त्याच महिन्यातली गोष्ट, ३ जानेवारी १९९३. ह्यूस्टनविरुद्धची मॅच. तिकिटं सगळी खपली नव्हती म्हणून बफेलोत टीव्हीवर दाखवलीच नाही. आजोबा गॅरेजमध्ये रेडिओ लावून बसलेले. ३५-३ झाल्यावर रेडिओ बंद करून फावडं घेऊन बाहेर. नेहमीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, जिम केली जखमी, मैदानात राखीव फ्रँक राइक. थोड्या वेळाने शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला तशी आजोबांनी फावडं तिथेच टाकलं. बिल्स ४१-३८ ने जिंकले, जादा वेळेत. ते फावडं दोन दिवस अंगणात पडून होतं, मीच उचललं.

असो. चढलेला पारा उतरतोय. १९ नोव्हेंबर २०२३ ला, क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल हरल्यावर, तुमच्याकडेही कुणी धड जेवलं नव्हतं, तेव्हा तुम्हाला वेगळं काय सांगू. दहा मॅच ओळीने जिंकलेली पोरं त्या रात्री हरणाऱ्यांतली पहिली झाली होती का?

लेव्ही किकऑफच्या आधी खेळाडूंना एकच प्रश्न विचारायचे: आत्ता, या घडीला, इथे सोडून आणखी कुठे असावंसं वाटतंय? सत्तरी ओलांडल्यावर, १९९७ च्या सीझननंतर थांबले. मधे कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तीन मॅच चुकल्या, परत आले. २००१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शंभर वर्षांचे झाले. जग विसरतं म्हणे.

दुपारी चहाला तो सेल्सचा पोरगा भेटला. "मॅडम, ते किक हुकलेले... त्यांचं पुढे काय झालं?" मी अर्धा तास बोलत होते. चहा गार.

संध्याकाळी फीडबॅकचा फॉर्म आला. 'आजच्या सेशनमधून आपण काय घेऊन जात आहात?' मी लिहिलं, वुई वॉन्ट स्कॉट. दहा मिनिटांत एचआरचा फोन. "मॅडम, हे स्कॉट कोण? आपल्या कुठल्या टीममध्ये आहेत?"

उद्या सांगते म्हटलं.