अभ्यास सांगतो, आपण ऐकायचं

डाएटिशियन ताई-दादांनो, 'जरा शोधनिबंध वाचायला शिका' असं कुणी सुचवलं, तर त्याला ग्लासभर ताक पाजा आणि वाटेला लावा. निबंध अख्खा वाचायचा नसतो. सत्यनारायणाला आपण बरोबर आरतीच्या वेळी पोचतो, तसं शीर्षकावरून थेट निष्कर्षावर उतरावं. मधलं 'पद्धती' प्रकरण म्हणजे कथा. ती यजमानांनी ऐकावी.

कित्ता गिरवायचाच तर २०१५ सालचा चॉकलेटचा गिरवा. डार्क चॉकलेट खाणाऱ्यांचं वजन १० टक्के लवकर उतरतं, ही बातमी जर्मनीच्या 'बिल्ड'ने पहिल्या पानावर छापली. माणसं किती होती? १५. मोजलं काय? वजन, कोलेस्टेरॉल, झोप, मनाचं समाधान... एकूण १८ गोष्टी. १८ दगड भिरकावले की एखादी तरी कैरी पडतेच. निव्वळ योगायोगाने एक तरी 'ठोस' निष्कर्ष हाती लागण्याची शक्यता तिथे ६० टक्क्यांच्या घरात होती. वजनाऐवजी झोपेची कैरी पडली असती, तर तेच चॉकलेट निद्रानाशावर खपलं असतं. हा सगळा बनाव मुद्दाम रचल्याचं पत्रकार जॉन बोहॅननने पुढे स्वतःच सांगून टाकलं. तेवढं वाचू नका, उगाच मूड जातो.

टक्के सांगताना ते कशाचे, हे कधी बोलू नये. रोज ५० ग्रॅम सॉसेज-सलामीने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलंय. झकास! मुळात शंभरातल्या पाच जणांना धोका असेल तर तो साधारण सहा जणांना होतो, एवढा हिशेब मात्र पोटात ठेवा. न घाबरलेला पेशंट तीन महिन्यांचं पॅकेज घेत नाही.

ऑलिव्ह तेल नाहीतर सुकामेवा घालून भूमध्य सागरी पद्धतीचं जेवण घेतलं की हृदयविकाराचा धोका घटतो, असं सांगणारा स्पेनचा 'प्रेडिमेड' अभ्यास २०१३ साली गाजला. काही सहभागींची गटवाटणी नीट चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, म्हणून २०१८ मध्ये तो मागे घेऊन सुधारून छापावा लागला. तुमची स्लाइड २०१३ चीच असू द्या. ऑलिव्हचा रंग छान आलाय तिच्यात.

एवढं करूनही एखादे निवृत्त गणिताचे सर विचारतीलच, "किती जणांवर केला हो प्रयोग?" त्यांना लगेच वजनकाट्यावर उभं करा. तिथे भले भले गप्प होतात.