जाळरेषेवरची माणसं : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या अमेरिकेतल्या वणवा विझवणाऱ्या पथकावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आम्ही उन्हाळेच्या उन्हाळे लिंबाच्या डहाळ्यांनी आग झोडपली, त्यावर सोलापूरकर चकार शब्द लिहीत नाहीत. आणि ती 19 पोरं सुरक्षित जागा सोडून खाली उतरली. चुकीला हौतात्म्य कसलं म्हणता?"

आधी दुसऱ्या मुद्द्याचं. "मृत्यूला कवटाळलं" हे माझं वाक्य चुकीचंच होतं, ते काढून टाकलंय. कुणी काही कवटाळलं नाही. 30 जून 2013 च्या दुपारी ॲरिझोनातल्या यार्नेल गावाजवळ वादळाचा वारा फिरला, आगीने दिशा बदलली आणि घळीत उतरलेली ती 19 माणसं तिच्या तोंडाशी सापडून मेली. ती सुरक्षित जागा म्हणजे जळून काळा पडलेला पट्टा; त्यात पुन्हा जळायला काही नसतं, तो सोडायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! तरी ते का उतरले? त्याआधीच्या अर्ध्या तासात वायरलेसवर त्यांचा ठावठिकाणा सांगणारं काही नाही, आणि जे उतरले त्यांच्यातलं सांगायला कुणी उरलं नाही. पथकातला विसावा गडी टेहळणीवर होता म्हणून वाचला. पहिल्या चौकशीत निष्काळजीपणाचा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याने ठपका ठेवला तो राज्याच्या वनखात्यावर : वाचण्यासारखी नसलेली घरं आणि कुरणं माणसांच्या जिवापेक्षा मोठी मानली म्हणून. त्यामुळे सगळी चूक त्या पोरांच्या पदरात टाकायला माझं मन घेत नाही.

आता तुमचा पहिला मुद्दा. तो मला जास्त लागला. काका, हे पथक मी निवडलं ते त्याच्या मरणासाठी नाही, सुरुवातीसाठी. 2002 साली ॲरिझोनातल्याच प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन दलाने ही तुकडी उभी केली ती गावाच्या कडेची झुडपं तोडायला, म्हणजे आग आलीच तर तिला खायला कमी मिळावं. हॉटशॉटचा, म्हणजे वणव्याशी थेट भिडणाऱ्या खास तयारीच्या पथकाचा, दर्जा 2008 मध्ये मिळाला. शहराच्या अग्निशमन दलाचं असं ते तेव्हा अमेरिकेतलं एकमेव पथक होतं. हातात पाण्याचा पाइप नाही. करवत, आणि एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ असं पुलास्की नावाचं हत्यार. झुडूप तोडायचं, गवत खरवडायचं, नुसती माती उघडी पडेपर्यंत. आपण जाळरेषा म्हणतो तीच की! 2013 च्या त्याच जूनमध्ये प्रेस्कॉटजवळच्या वणव्यात त्यांनी एका जुनाट अवाढव्य ज्युनिपरच्या बुंध्याभोवतीचं सगळं साफ करून ते झाड वाचवलं. त्या झाडापुढे एकमेकांच्या पाठीवर चढून केलेल्या मनोऱ्याचा त्यांचा फोटो आहे. तो पाहिला आणि लेख लिहायला बसलो.

मार्चमध्ये मी एका वनमजुराबरोबर नान्नजकडच्या माळावर जाळरेषेवरून चाललो होतो. दहा पावलांत मोज्यांत कुसळं भरली. त्याने कुसळीची एक मूठ उपटून चुरगाळली, तळहातावर नुसता भुगा उरला. "हे आता काडीचीच वाट बघतंय," म्हणाला. पायात साध्या चपला. काळवीट लांब उभे राहून आमच्याकडे बघत होते.

प्रेस्कॉटच्या पोरांचं वायरलेसवरचं बरंचसं बोलणं नोंदलेलं आहे, म्हणून सोलापुरात बसून मला त्यांच्यावर लिहिता आलं. तुमच्या माणसांचं काय उरलंय? हंगामी मजुरांच्या हजेरीपटावरचे अंगठे. तेव्हा काका, तुम्हीच सांगा. तुमच्या वेळी जाळरेषा किती रुंद काढायचात, कुठल्या गावची माणसं यायची, रात्री माळ पेटला तर वर्दी कोण आणायचं, कोण भाजलं, त्याला दवाखान्यात कुणी नेलं. रविवारी सकाळी मी मोकळा आहे. वही घेऊन तुमच्या घरी येतो. त्यांच्यातलं कुणी अजून नान्नजला असेल तर तिथून आपण दोघं पुढे जाऊ.