अकरा मिलिसेकंदांचा प्रपंच

बेंगळूरच्या भाच्याने डोळ्यांवर चढवून आभासी जगात हिंडण्याचा नवा व्हीआर हेडसेट घेतला आणि जुना क्वेस्ट २ चतुर्थीला येताना माझ्यासाठी आणला. निवृत्तीनंतर मामाने नुसते सोप्यावर बसून वर्तमानपत्र वाचू नये, हा त्याचा सद्हेतू. हेडसेट ज्याला जोडायचा होता तो संगणक आमच्या चिरंजीवांच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी फोंड्यात जुळवून घेतलेला. जीटीएक्स १०६० हे २०१६ साली बाजारात आलेले ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रे काढणारा भाग, त्याच्या पोटात होते, आणि चिरंजीव पुण्याला गेल्यापासून त्याच्यावर वीजबिल भरण्यापलीकडे कसलीही जबाबदारी उरलेली नव्हती. भाच्याने तासाभरात सगळे जोडून दिले, "मामा, आता मजा करा" असे म्हटले आणि नेवऱ्यांचा डबा घेऊन तो निघून गेला.

खेळ अगदी साधा होता. संध्याकाळची वेळ, एक गाव, झाडीतून जाणारी वाट आणि वाटेवर भेटणारी माणसे. आठव्या मिनिटाला माझ्या पोटात ढवळून आले. चोर्ला घाटातून बसच्या मागच्या सीटवर बसून बेळगावला जाताना जे होते, नेमके तेच मला घरातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या झाले. हिने कोकम सरबताचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "अहो, खुर्ची लागलेला माणूस मी आज पहिल्यांदाच पाहिला."

यामागचे शास्त्र मला नंतर उमगले. डोळे सांगतात की आपण चालतो आहोत, कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण स्वस्थ बसलो आहोत, आणि या भांडणाचा निकाल पोट लावते. त्यातच मान वळवल्यावर चित्र क्षणभर मागे राहून मग धडपडत पुढे आले, तर भांडण हातघाईवर येते. हेडसेट ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रे दाखवत चालवायचा, तर संगणकाला प्रत्येक चित्र सुमारे ११ मिलिसेकंदांत पुरे करावे लागते, आणि तेही एका डोळ्यापुरते नव्हे. या हेडसेटचा पडदा दर डोळ्यामागे १८३२ गुणिले १९२० बिंदूंचा, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे मिळून सत्तर लाख बिंदू झाले. आमच्या टेबलावरच्या पडद्याला जेमतेम एकवीस लाख पुरतात. वीजबिल भरणाऱ्या गृहस्थावर एकाएकी साडेतीन घरांचा संसार पडला होता.

मी पहिली चूक केली ती सगळेच करतात ती. खेळ हेडसेटवर चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या प्रणालीतले रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले बिंदू, १०० टक्क्यांवरून खाली आणत आणत इतके खाली आणले की गावातली माणसे उकडीच्या तांदळाच्या पेजेत बुडवून काढल्यासारखी दिसू लागली, तरी झटके तसेच. दोन रात्री अशा गेल्यावर भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, बिंदू कमी करूनही वेळ तेवढाच लागत असेल, तर दोष ग्राफिक्स कार्डाचा नाही. प्रोसेसर अडखळतोय." पाहिले, तर ८ जीबीची रॅम, म्हणजे संगणकाची कामापुरती स्मृती, एकाच पट्टीत होती. जोडीला तशीच दुसरी पट्टी बसवली की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, हे ज्ञान मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी झाले. शिवाय मागे अँटिव्हायरसची झडती चालू होती आणि चिरंजीवांनी जाता जाता मागे ठेवलेले तीन-चार कार्यक्रम संगणक सुरू होताच गुपचूप जागे होत होते. त्यांची मी हकालपट्टी केली.

संगणकाची पेटी उघडली, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ आणि तिच्या आडोशाला पालीचे एक अंडे सापडले. कार्ड तापले की जीव वाचवण्यासाठी आपणहून मंदावते. यात त्याचा काय दोष? धूळ काढली, उष्णता बाहेर वाहून नेणारी, पण वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदलली. अंड्याचे काय केले ते आईला सांगितले नाही.

वायरच्या जंजाळाला कंटाळून वायफायवर चालवावे म्हटले, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना आमच्या आजोबांनी बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती ओलांडवेनात. राउटर त्याच खोलीत आणला आणि संगणक त्याला वायरने जोडला, तेव्हा कुठे हेडसेटपुरती वायर सुटली. भाद्रपदातल्या दमट हवेत हेडसेटच्या भिंगांवर वाफ धरते, म्हणून तो दहा मिनिटे आधी चालू करून कोमट होऊ द्यायचा, हे मात्र मला कोणी शिकवले नाही.

इतके झाल्यावर रिझोल्यूशनकडे परतलो आणि एक गोष्ट लक्षात आली. तिथले ७० टक्के हे बिंदूंच्या एकूण संख्येचे असतात. लांबी-रुंदी प्रत्येकी सोळा टक्क्यांनीच घटते, त्यामुळे डोळ्यांना वाटते तितके नुकसान होत नाही. ९० चा हट्टही मी सोडला. ७२ हर्ट्झवर दर चित्राला जवळपास १४ मिलिसेकंद मिळतात, आणि माझ्या पोटाला वेगापेक्षा सातत्य अधिक मानवते. संगणक कमी पडला की निम्मीच चित्रे काढून मधली अंदाजाने भरण्याची एक सोय असते खरी, पण तिच्यात माझ्या आभासी हातांच्या कडा गरम तव्यावरच्या हवेसारख्या थरथरत. तरीही चार-पाच मिलिसेकंदांची ओढाताण उरलीच. मग सगळ्यांत खर्चिक चैन हेरली ती सावल्यांची. प्रत्येक दिव्याच्या बाजूने सगळे दृश्य पुन्हा एकदा मोजायचे आणि शेवटी मिळवायचा काय, तर काळोख! मी सावल्या पूर्ण बंद केल्या. दर चित्राला लागणारा वेळ दाखवणारा आलेख सरळ झाला, पोट शांत झाले, आणि पंचवीस मिनिटे मी त्या गावात बिनघोर हिंडलो.

त्या आनंदात आईला हेडसेट घातला. तिने सावकाश मान फिरवली. तिला चक्कर आली नाही, झटका बसला नाही. माझी छाती फुगली.

"अरे, ह्या झाडाला सावली कशी नाही?" आई म्हणाली. "आणि तो म्हातारा येतोय, त्यालाही नाही."

मी मिलिसेकंदांचा हिशेब समजावू लागलो.

"तिन्हीसांजेला असल्या जागी हिंडू नये रे. गाव राखणाऱ्या राखणदार देवाला दारू-रोटीचा सोरो-रोट तरी दिला होतास का? काढ हे."

सावल्या 'कमी' या पायरीवर परत आणल्या. त्यांनी दोन मिलिसेकंद खाल्ले. ते भरून काढायला रिझोल्यूशन ७० वरून ६० टक्क्यांवर आणले आणि दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा तपासणीला बसवले. तिने झाडाच्या बुंध्याशी पाहिले, म्हाताऱ्याच्या पायांशी पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"सावली आहे आता. पण म्हातारा धुरकट दिसतो," ती म्हणाली. "आणि मला सांगू नकोस माझे डोळे म्हणून. गेल्याच वर्षी मोतीबिंदू काढलाय."