फक्त पंधरा दिवस

"काका, फक्त पंधरा दिवस ठेवा," शेल्टरमधली मुलगी फोनवर म्हणाली. पंधरा दिवसांच्या बोलीवर आमच्याकडे आजवर दोन गोष्टी आल्या: 2016 साली मेहुण्याचं लोखंडी कपाट आणि आता टायगर. कपाट अजून आहे.

टायगर म्हणजे पांढरा स्पिट्झ, अख्खं पुणं ज्याला पॉमेरियन म्हणतं तो. मालक वारले, मुलगा परदेशात. फ्लॅटला लगेच गिऱ्हाईक मिळालं, टायगरला नाही. बारा वर्षांचा कुत्रा बघून लोक "अरेरे" म्हणतात आणि पिल्लांच्या पिंजऱ्याकडे सरकतात. वजन नऊ किलो, दात पाच, दोन्ही कान ठार बंद. डोळ्यांवर निळसर झाक होती. तो मोतीबिंदू नाही, वयाने लेन्स घट्ट होते तेव्हा असं दिसतं, असं डॉक्टर म्हणाले.

आईने दारातच अडवलं. "घरात एक म्हातारं माणूस आहे ते पुरत नाही का तुला?" मग जरा थांबून, "वय काय याचं?"

सातने गुणायचा जुना हिशोब लावला तर चौऱ्याऐंशी. पण कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2020 मध्ये लॅब्राडोर तपासून एक सूत्र काढलंय, त्यात बारा वर्षं घातली की एकाहत्तर येतात. टायगर लॅब्राडोर नाही, पण आईला मी हाच आकडा सांगितला. ती एकोणऐंशीची.

"मग लहान आहे माझ्यापेक्षा. अरे-तुरे चालेल. चल रे, आत ये."

आत येताच त्याचे चारही पाय चार दिशांना गेले. गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचं घोंगडीसारखं पसरणं मी पहिल्यांदाच बघितलं. हिचा योगा मॅट गेला, मग दोन सतरंज्या गेल्या. आता हॉलपासून बाल्कनीपर्यंत लग्नातल्यासारखी पायघडी अंथरलेली असते आणि आम्ही माणसं कडेकडेने चालतो. रात्री तीन वाजता तो दारामागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मागे वळायचं असतं हेच विसरतो. कुत्र्यांनाही म्हातारपणी विस्मरण होतं. मी उठून त्याला ट्रकसारखा रिव्हर्स घालून बाहेर काढतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून नियम सांगितले. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलेलं आहे, हे मी पाठ करून ठेवलं होतं. म्हणालो, "भुंकला तर सांगा." तो भुंकत नाही. कशावर भुंकायचं हेच त्याला ऐकू येत नाही.

हे सगळं परवडलं. खरं युद्ध सांध्यांच्या गोळीचं. सकाळी अर्धी, तपकिरी रंगाची, शेंगदाण्याएवढी.

पहिल्या दिवशी पोळीच्या तुकड्यात घातली. पोळी गेली, गोळी जमिनीवर. दुसऱ्या दिवशी पनीर. फणसाच्या गऱ्यातून आठळी काढावी तशी त्याने ती पाच दातांनी सोलून काढली आणि माझ्या चपलेशेजारी ठेवली, जणू माझीच वस्तू परत केली. मग चुरून दह्यात कालवली, तर तो वाटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे जबडा उघडून जिभेच्या मुळाशी टाकली, तोंड मिटलं, गळा चोळला. त्याने गिळल्याचा घोट घेतला. मी टाळ्या वाजवल्या. सात मिनिटांनी गालातून गोळी बाहेर आली, कोरडी. एवढा वेळ मला तोंडात खडीसाखर ठेवता येत नाही.

"माझीच दे ना त्याला गुडघ्याची," आई म्हणाली. "दुखणं एकच." मी जवळपास किंचाळलो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विष ठरू शकतात, अगदी साधी पॅरासिटामॉलसुद्धा. तेव्हापासून दोन डबे झाले, लाल आईचा, निळा टायगरचा.

"तुम्ही दोघं बाजूला व्हा," आईने जाहीर केलं. सकाळी चहाच्या वेळी ती सोफ्यावर, टायगर तिच्या पायाशी. "ही बघ मी घेतली. आता तू." आणि काय सांगू, दोघंही शहाण्यासारखी घ्यायची! मी सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटलो. त्या मुलीलाही फोन केला. ती म्हणाली, "मग काका, आता नवीन घर बघू ना त्याला?" मी म्हटलं, नेटवर्क नाहीये.

दिवाळीच्या साफसफाईला सोफा सरकवला. खाली जळमटं, रिमोटचं झाकण आणि अकरा गोळ्या. सात तपकिरी, अर्ध्या. चार पांढऱ्या, गोल, अख्ख्या.

टायगरला पांढरी गोळी नाहीच.

मी वळून हाक मारली. टायगर ढिम्म हलला नाही, त्याला ऐकू येत नाही. आईला येतं. तिने पेपर आणखी वर धरला.